खडीवाटांवरील सायकलभ्रमण

खडीवाटांवरील सायकलभ्रमण : डांबर वा काँक्रीट न घातलेल्या आणि मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटांनी सायकलवरून केलेला लांबचा प्रवास. एकविसाव्या शतकात हा प्रकार ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ या नावाने जगभर रूढ झाला. गुळगुळीत रस्त्यांवरील वेगाची सायकलस्वारी आणि डोंगरउतारावरील साहसी सायकलस्वारी या दोहोंच्या मधले हे क्षेत्र होय. यात वेगापेक्षा अंतराला आणि कसरतीपेक्षा सातत्याला महत्त्व असते. खडी, मुरूम, माती, कालव्यांचे बांध, वनखात्याचे रस्ते, शेतवाटा व बंद पडलेले लोहमार्ग हे या भ्रमणाचे नेहमीचे मार्ग होत.

महाराष्ट्रात अशा भ्रमणास अनुकूल असलेल्या प्रदेशांत कृष्णा, वारणा व कोयना या नद्यांची खोरी आणि त्यांना लागून असलेले सह्याद्रीचे वनाच्छादित डोंगर यांचा समावेश होतो. या प्रदेशाच्या आग्नेय टोकाशी, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर, सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस काळ्या जमिनीचा बागायती पट्टा व त्यापलीकडे पावसाळी डोंगर आहेत. पूर्वेस कवठेमहांकाळ व जत हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. त्यामुळे एका शहरापासून तीन भिन्न प्रकारच्या भूमीत जाता येते. तथापि येथील निर्वेध वाटा सायकलस्वारांसाठी निर्माण झालेल्या नाहीत. कोणी शेतासाठी, कोणी पाण्यासाठी, कोणी वनासाठी त्या आखल्या. या वाटांचे स्वरूप, त्यांवरील निर्बंध व त्यांचे भवितव्य ही सर्व या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

इतिहास : सायकलचा जन्मच कच्च्या रस्त्यांवर झाला. कार्ल फोन ड्राइस याने १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे जमिनीला पाय रेटून चालविण्याची दुचाकी तयार केली, तेव्हा डांबरी रस्ते अस्तित्वात नव्हते. पुढे स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) याच्या पद्धतीने बांधलेले, फोडलेल्या खडीच्या दाबलेल्या थरांचे रस्ते यूरोपात पसरले. १८८५ मधील सारख्या चाकांची ‘सुरक्षित’ सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉप याने प्रचारात आणलेले हवेचे टायर यांमुळे अशा रस्त्यांवर सामान्य माणसालाही लांबचा प्रवास करता येऊ लागला.

रस्ते गुळगुळीत व्हावेत ही संघटित मागणी प्रथम मोटारचालकांनी नव्हे, तर सायकलस्वारांनी केली. ब्रिटनमधील सायकलस्वारांच्या संस्थांनी १८८६ मध्ये रस्तेसुधारणा मंडळ स्थापन केले आणि अमेरिकेतही सायकलस्वारांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांची चळवळ चालविली. ही मागणी पुरी होत गेली तसतसे सुधारलेले रस्ते मोटारींनी व्यापले आणि सायकलस्वार कडेला ढकलला गेला. परिणामी काहींनी पुन्हा कच्च्या वाटा धरल्या. ब्रिटनमध्ये १९५५ साली अशा हौशी प्रवाशांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संस्था निघाली. इटलीतील तस्कनी भागात १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची यात्रा सुरू झाली. तेथील पांढऱ्या खडीचे ग्रामीण रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा तिच्या हेतूंपैकी एक होता. अमेरिकेतील कॅन्झस राज्यात २००६ मध्ये सुरू झालेल्या सु. ३२० किमी. लांबीच्या खडीमार्ग शर्यतीने या प्रकारास क्रीडेचे रूप दिले. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो भागात घेतली.

कृष्णाकाठच्या प्रदेशाशी सायकलचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगाव येथील सायकलींच्या दुकानापासून मानला जातो. याच उद्योगाने पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर, मिरज–पुणे लोहमार्गालगत, किर्लोस्करवाडी वसविली. विसाव्या शतकात दूधवाले, शेतकरी, शिक्षक, पोस्टमन आणि गिरणीकामगार हे या भागातील सायकलचे खरे वापरकर्ते होते. गावाला जोडणारा रस्ता बहुधा मुरमाचाच असे. त्या अर्थाने खडीवाटांवरील सायकलप्रवास येथे नवा नाही. तो कामासाठी न होता भ्रमणासाठी होऊ लागला, एवढाच बदल झाला आहे.

सायकलची रचना : या प्रकारासाठी वापरावयाच्या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळविलेले असते, मात्र उतारावर तोल सांभाळता यावा म्हणून त्याची टोके किंचित बाहेर पसरलेली असतात. दोन चाकांमधील अंतर थोडे अधिक असल्याने सैल पृष्ठभागावर सायकल स्थिर राहते. चिखल व पाणी यांतही पकड राहावी म्हणून चकती-ब्रेक वापरतात. चढासाठी पुढील दंतचक्र मागील सर्वांत मोठ्या दंतचक्राएवढे वा त्याहून लहान असते. त्यामुळे पायंड्याच्या एका फेऱ्यात चाकाचा एक किंवा त्याहूनही कमी फेरा होतो आणि सामानासह तीव्र चढ बसूनच चढता येतो.

टायर हा या सायकलीचा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. त्याची रुंदी सामान्यतः ३५ ते ५० मिमी. असते आणि त्यात हवेचा दाब दर चौरस इंचास सु. ३० ते ४५ पौंड ठेवतात. घट्ट फुगविलेला टायर प्रत्येक खड्यावर उसळतो. या उसळण्यात स्वाराची शक्ती खर्च होते आणि चाकाची जमिनीवरील पकडही सुटते. मऊ टायर लहान खडा आपल्या पृष्ठात सामावून घेतो, त्यामुळे खडबडीत वाटेवर तो उलट कमी श्रमात पळतो. दाब फारच कमी केल्यास मात्र दगडाचा मार थेट चाकाच्या कडीला बसतो. मिरजेच्या पूर्वेकडील माळावर बाभळीचे काटे ही नित्याची अडचण असल्याने आत द्रवलेप घातलेले ट्यूबरहित टायर उपयुक्त ठरतात. काट्याने पडलेले बारीक छिद्र त्यातील लेप आपोआप बुजवितो.

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या साध्या काळ्या सायकलीचे टायर २८ × १½ इंच मापाचे, म्हणजे सु. ४० मिमी. रुंदीचे असतात. आधुनिक खडीवाट-सायकलीच्या टायरची सर्वसाधारण रुंदी हीच आहे. जुन्या सायकलीचे वजन अधिक, गती एकच आणि ब्रेक सळईचे. परंतु मुरमाच्या रस्त्यासाठी रुंद टायर हवा हे ज्ञान तिच्या मापातच होते. सपाट कालवाकाठी वा शेतवाटेने जाण्यास ती आजही अपुरी पडत नाही.

वाटांचा पृष्ठभाग : या प्रदेशाचा पाया बेसाल्ट अर्थात काळ्या पाषाणाचा आहे. तो फोडून खडी मिळते आणि त्याच्या झिजेतून मुरूम तयार होतो. परंपरागत खडीच्या रस्त्यात मोठ्या खडीचा थर पसरून तो रुळाने दाबतात, फटी बारीक खडी व मुरूम यांनी भरतात व पाणी मारून पुन्हा दाबतात. अशा रस्त्याचा मधला भाग किंचित उंच ठेवल्याने पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. ही उंची झिजली की पाणी मध्येच साचते, बारीक माल धुऊन जातो आणि सुटी खडी वर येते. वाहनांच्या सततच्या धक्क्यांनी रस्त्यावर आडव्या लाटाही उमटतात.

नद्यांकाठच्या खोल काळ्या जमिनीतील वाटांचा स्वभाव याहून निराळा आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कोरड्या ऋतूत ती सिमेंटासारखी कठीण असते. पहिल्या पावसानंतर ती चाकाला चिकटून चौकटीच्या दुव्यात इतकी दाटते, की चाक फिरेनासे होते. पश्चिमेकडील उंच पठारांवर जांभा खडक व तांबडी माती आढळते. तिच्यावरून पाणी लवकर निथळते. मात्र सावलीतील दगडांवर शेवाळ धरत असल्याने घसरण्याचा धोका राहतो.

मार्गांचे प्रकार : मिरजेच्या परिसरातील वाहनविरळ वाटांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

(१) पाणंदी व शीवरस्ते : दोन शेतांच्या मधून जाणारी, दोहों बाजूंस कुंपण वा बांध असलेली वाट म्हणजे पाणंद; दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शीवरस्ता. कृष्णा व वारणा यांच्या काठी ऊस, द्राक्षे व हळद यांच्या शेतांतून या वाटांचे जाळे पसरले आहे. वारणा ही सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. या संगमापासून वर दोन्ही नद्यांच्या काठांनी गावोगावच्या पाणंदी जोडत जाता येते. उसाच्या गळीत हंगामात, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात, याच वाटांवर बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ लागते आणि खोल चाकोऱ्या पडतात. पाणंद ही मुख्यत्वे शेतकऱ्याची कामाची वाट असल्याचे या दिवसांत स्पष्ट दिसते.

(२) कालव्यांचे रस्ते : कराडजवळील खोडशी येथील बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातील आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडील उंच माळांवर नेले. कालव्याच्या देखभालीसाठी त्याच्या बांधावर निरीक्षणाचा रस्ता असतो. पाणी गुरुत्वाने वाहावे म्हणून कालवा समोच्च रेषेच्या जवळून आखलेला असतो. त्यामुळे त्याच्या काठचा रस्ता डोंगराला वळसे घालीत जवळजवळ सपाट जातो. अंतर वाढते, परंतु चढ लागत नाही. हे रस्ते पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असून ते सार्वजनिक हमरस्ते नव्हेत.

(३) वनवाटा : मिरजेच्या ईशान्येस, मिरज–पंढरपूर रस्त्यानजीक, भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे. सभोवतालच्या कोरड्या माळावर हे राखीव वन वेगळे उठून दिसते. डोंगरावर खडकात कोरलेले देवालय आहे. एका दिवसाच्या भ्रमणास हे ठिकाण सोयीचे आहे. वायव्येस कडेगाव, वाळवा व पलूस तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर अभयारण्य (क्षेत्रफळ १०·८७ चौ. किमी.) आहे. उजाड डोंगरांवर वृक्ष लावून व हरणे आणून ते मुद्दाम निर्माण करण्यात आले. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या वनास १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेस वारणेच्या खोऱ्याने शिराळा तालुक्यातील कोकरूड, चरण, आरळा या गावांवरून चांदोली धरणाकडे जाताना खोरे अरुंद होत जाते, पाऊस वाढतो आणि माळरानाची जागा दाट वन घेते. या वाटेने एका प्रवासात पर्जन्यछायेपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचे सर्व टप्पे दिसतात.

(४) जुने लोहमार्ग : पाश्चात्त्य देशांत बंद पडलेल्या लोहमार्गांचे रूळ काढून त्यांवर सायकलवाटा केल्या आहेत. रेल्वेला तीव्र चढ चालत नसल्याने अशा वाटा सौम्य उताराच्या असतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९६० नंतरच्या दशकात झालेली एलरॉय–स्पार्टा ही वाट या प्रकारच्या आरंभीच्या वाटांपैकी एक होय. मिरज हे एके काळी रुंदमापी, मीटरमापी व अरुंदमापी अशा तिन्ही प्रकारचे लोहमार्ग एकत्र येणारे स्थानक होते. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग पंढरपूरहून १९२७ मध्ये मिरजेस पोहोचला. असा मार्ग अन्यत्र बंद पडून सायकलवाट झाला असता. येथे तो रुंदमापी करून वापरात ठेवण्यात आला. प्रवासी व माल यांची गरज कायम असल्याने या प्रदेशात सोडून दिलेल्या लोहमार्गांची सायकलवाट होण्यास फारसा वाव राहिला नाही.

ऋतुमान : ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या भ्रमणास उत्तम होय. जमीन सुकलेली, ओढ्यांना पाणी व हवा थंड असते. मार्चपासून मेपर्यंत पूर्वेकडील माळ तापतात. या दिवसांत पहाटे निघून उन्हापूर्वी परतणे इष्ट असते. तसेच कोरड्या गवताला वणवा लागण्याचा हा काळ असल्याने वनात विस्तव पेटविणे धोक्याचे व गुन्ह्याचे ठरते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदी निरुपयोगी होतात. सांगली परिसराने २००५, २०१९ व २०२१ साली मोठे महापूर अनुभवले. अशा वेळी नदीकाठच्या वाटा पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर त्यांवर गाळाचा थर राहतो. पूर्वेकडील मुरमाड माळ मात्र पावसाळ्यातही बहुतांशी जाण्याजोगे असतात.

हक्क व निर्बंध : वाट मोकळी दिसते, म्हणून ती सर्वांना खुली असतेच असे नाही. गावनकाशावर दाखविलेला रस्ता सार्वजनिक असतो. बांधावरून जाण्यायेण्याचा हक्क मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये तहसीलदार असा हक्क ठरवून देऊ शकतो. तो शेतात जाणाऱ्या खातेदाराच्या गरजेसाठी असतो, वाटसरूच्या आनंदासाठी नव्हे. शेतरस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते आणि अशी प्रकरणे तहसील कचेऱ्यांत नित्य चालतात. पाणंदीची रुंदी नांगराच्या एकेका तासाने कमी होत जाते आणि अखेर तिची पाऊलवाट उरते, हा ग्रामीण भागातील सार्वत्रिक अनुभव आहे.

वनांबाबतचे निर्बंध अधिक कडक आहेत. चांदोली राष्ट्रीय उद्यान (३१७·६७ चौ. किमी.; २००४ पासून राष्ट्रीय उद्यान) आणि कोयना अभयारण्य (१९८५) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कोयना व चांदोली यांचा समावेश आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. सायकल आवाज करीत नाही, हा येथे गुण नसून दोषही ठरू शकतो : नि:शब्द व वेगाने येणारा स्वार गव्याच्या किंवा अस्वलाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही. म्हणून येथील भ्रमण उद्यानाच्या सीमेबाहेरील गावरस्त्यांपुरते ठेवणे व पुढे वनखात्याच्या नियमांनुसारच जाणे योग्य होय.

या वनांच्या शांततेला आणखी एक बाजू आहे. चांदोली धरण व वनसंरक्षण यांमुळे खोऱ्यातील अनेक गावे उठवून सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत अन्यत्र वसविण्यात आली. त्या गावांना जोडणाऱ्या वाटा आता वनाच्या आत आहेत. ज्या वाटेवर आज वाहन नाही, तेथे पूर्वी माणसांचे येणेजाणे होते आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे दीर्घकाळ रेंगाळले.

भवितव्य : ग्रामीण रस्ते पक्के करण्याच्या कामास २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गती मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आखली. शेतापर्यंत बारमाही जाता यावे, हा तिचा उद्देश आहे. गरोदर स्त्रीला रुग्णालयात नेण्यासाठी, मुलांना शाळेत जाण्यासाठी व तोडलेला ऊस वेळेवर कारखान्यात पोहोचविण्यासाठी पक्का रस्ता लागतो. भ्रमणाच्या आनंदासाठी गावाने चिखलात राहावे, अशी अपेक्षा करता येत नाही. दुसरीकडे, प्रत्येक वाट रुंद व डांबरी झाली की तीवर मोटारी येतात आणि तिच्यावरून शाळेला चालत वा सायकलने जाणाऱ्या मुलांचीच सुरक्षितता कमी होते.

या दोन्ही गरजांचा मेळ घालता येतो. बारमाही रस्ता म्हणजे डांबरीच रस्ता असे नाही. योग्य उतार, गटारे व मोऱ्या असलेला, वेळोवेळी मुरूम घालून दाबलेला खडीचा रस्ताही बैलगाडी, ट्रॅक्टर व सायकल यांना वर्षभर उपयोगी पडतो. पाणंदींची मोजणी करून त्यांवरील अतिक्रमणे काढणे, कालव्याच्या बांधांवर अवजड वाहनांना अटकाव करून पादचारी व सायकलस्वार यांना जाऊ देणे, हद्दीच्या खुणा लावणे व कडेला झाडे लावणे या उपायांचा लाभ प्रथम शेतकऱ्यांना व विद्यार्थ्यांना होईल. तस्कनीतील खडीचे रस्ते हौशी प्रवाशांमुळे प्रसिद्धीस आले असले, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, ते द्राक्षमळ्यांत जाण्यासाठी त्यांचा रोज उपयोग होत राहिल्याने. कृष्णाकाठच्या पाणंदींनाही हाच न्याय लागू पडतो. ज्या पाणंदीने बैलगाडी जात राहील, तीच सायकलस्वारासाठी मोकळी राहील.